पुतळ्याच्या पोटातलं पोलाद

हैदराबादच्या कुकटपल्लीहून मेट्रोनं शहराकडे निघालं की पहिलं स्थानक लागतं बालानगर. त्याचं अधिकृत नाव डॉ. बी. आर. आंबेडकर बालानगर. पुढे मूसापेट, भरतनगर, एर्रागड्डा, अमीरपेट, पंजागुट्टा करत गाडी खैरताबादला येते. तिथे उतरून हुसेनसागराच्या बाजूला वळलं की सचिवालयाच्या नव्या घुमटांशेजारी बाबासाहेबांची आकृती उभी दिसते. संसदभवनाच्या घाटाचा पन्नास फुटी चौथरा आणि त्यावर 125 फुटांचा ब्राँझचा पुतळा. 14 एप्रिल 2023 रोजी त्याचं अनावरण झालं, तेव्हा त्याच्या शिल्पकाराचं वय 98 होतं. राम वनजी सुतार, गाव गोंदूर, जिल्हा धुळे.

कुकटपल्ली, केपीएचबी, मियापूर या पट्ट्यात आता बरीच मराठी घरं आहेत. गावाकडून पाहुणे आले की चारमिनार, गोवळकोंडा यांच्याबरोबर हा पुतळाही दाखवायच्या यादीत असतो. पाहुणे उंची विचारतात, खर्च विचारतात. तो 146 कोटींच्या घरात गेला. हा पुतळा कुणी घडवला, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. खानदेशातल्या एका खेड्यातल्या सुतारकाम करणाऱ्या बापाच्या मुलानं तो घडवला, हे कळलं की मराठी पाहुणा पुन्हा एकदा मान वर करून बघतो. ही दुसरी नजर महत्त्वाची आहे. पहिल्या नजरेत फक्त उंची दिसते.

उंचीपेक्षा मोलाचा एक आकडा इथे आहे, पण त्याची चर्चा होत नाही. या पुतळ्याचं वजन 474 टन आहे. त्यातलं ब्राँझ 114 टन, आणि उरलेलं 360 टन हे आतल्या सांगाड्याचं स्टेनलेस स्टील. म्हणजे जे आपल्याला दिसतं, ज्याला आपण पुतळा म्हणतो, ते एकूण वजनाच्या पावभागही नाही. बाकीचं सगळं आत आहे, अंधारात. त्याला ना चेहरा, ना हारतुरे. पुतळा टिकतो तो त्या न दिसणाऱ्या भागाच्या जिवावर. राम सुतार यांची पंच्याहत्तर वर्षांची कारकीर्द ध्यानात घेतली तर टिकाऊ कलेबद्दलचा तिचा सांगावा हाच आहे: न दिसणाऱ्या कामात जो हयगय करत नाही, त्याचंच काम उरतं.

सुतार यांचा जन्म 19 फेब्रुवारी 1925चा. वडील वनजी सुतार गावात लाकूडकाम करत. मुलाच्या हातातलं कसब ओळखलं ते त्याचे गुरू श्रीराम कृष्ण जोशी यांनी, आणि त्यांच्याच आग्रहानं हा मुलगा मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात पोचला. तिथे शिल्पकलेसाठीचं मेयो सुवर्णपदक त्यांना मिळालं. इथवरची गोष्ट अनेक गुणी विद्यार्थ्यांची असते. त्यानंतर त्यांनी काय केलं, ते वेगळं आहे.

पदक मिळवलेला शिल्पकार सहसा स्वतःचा स्टुडिओ थाटण्याच्या खटपटीला लागतो. सुतार 1954 साली पुरातत्त्व खात्यात नोकरीला लागले, तेव्हाच्या औरंगाबादला. काम होतं अजिंठा आणि वेरूळच्या लेण्यांतल्या भग्न शिल्पांच्या डागडुजीचं. 1958पर्यंत चार वर्षं ते हेच करत होते. हैदराबादकरांनी या नोकरीकडे जरा थांबून पाहावं, कारण 1954 साली औरंगाबाद हैदराबाद राज्यात होतं. मराठवाडा त्या राज्यातून बाहेर पडला 1 नोव्हेंबर 1956 रोजी, राज्य पुनर्रचनेत. म्हणजे सुतार यांची पहिली नोकरी या हैदराबादच्या मुलखातली. पासष्टहून अधिक वर्षांनी त्याच शहरात त्यांचा एवढा मोठा पुतळा उभा राहावा, हा योगायोग इथल्या मराठी माणसाला सुखावणारा आहे.

पण त्या चार वर्षांचं मोल योगायोगापुरतं नाही. नवं घडवणाऱ्याला आपलं काम तुटेल असं सहसा वाटत नाही. दुरुस्ती करणाऱ्यासमोर मात्र रोज तुटलेलंच असतं. बोट कुठून गळतं, नाक का झिजतं, पाणी कुठल्या भेगेतून शिरतं, खडकातला कोणता थर आधी सुटतो, हे त्याला पुस्तकातून शिकावं लागत नाही. वेरूळच्या काळ्या पाषाणात बाराशे-तेराशे वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी जे केलं, त्यातलं काय उरलं आणि काय गेलं, याचा हिशेब सुतार विशी-तिशीच्या उंबरठ्यावर हातानं तपासत होते. दुसऱ्याच्या छिन्नीचा माग काढून आपला हात त्याच्या मागे लपवायचा, अशी ती साधना. तिथे सही करता येत नाही.

अजिंठ्यानं डागडुजीचा आणखी एक धडा आधीच दिलेला होता. निजामाच्या पुरातत्त्व खात्यानं 1920 ते 1922 या काळात लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना बोलावून अजिंठ्याच्या चित्रांची दुरुस्ती करून घेतली. सुटलेले पोपडे त्यांनी जागच्या जागी बसवले, हे उपकारच. पण चित्रांवर जो वॉर्निशचा थर दिला गेला तो पुढे पिवळट, काळपट झाला आणि खालचे रंग मंदावले. हेतू चांगला होता, माणसंही जाणकार होती. तरीही काळानं त्या थराचं वेगळंच केलं. आज जे लावू त्याचं पन्नास वर्षांनी काय होईल, हा प्रश्न टिकाऊ कलेच्या मुळाशी असतो, आणि त्याचं उत्तर हौसेतून मिळत नाही, पदार्थाच्या ज्ञानातून मिळतं.

1958 साली सुतार दिल्लीला गेले, माहिती आणि प्रसारण मंत्रालयाच्या प्रसिद्धी विभागात. वर्षभरातच नोकरी सोडून ते स्वतंत्र शिल्पकार झाले. पहिलं मोठं काम मिळालं मध्य प्रदेशात, गांधीसागर धरणावर. चंबळ नदी माता म्हणून उभी आहे आणि तिच्याजवळ दोन मुलं आहेत, एक मध्य प्रदेश आणि एक राजस्थान. पंचेचाळीस फुटांचं हे शिल्प काँक्रीटचं आहे. धरणासारख्या रोकड्या, गणिती बांधकामाशेजारी त्याच काँक्रीटमधून मातेची माया उभी करायची, हे धाडस तिशीतल्या शिल्पकाराचं होतं. दोन राज्यं पाण्यावरून भांडतात, हे आपण रोज वाचतो. ती एका आईची लेकरं आहेत, असं सांगणारं शिल्प धरणाच्या काठावर सहा दशकं उभं आहे. सुतारांच्या सगळ्या कामांत हे काम फार वरचं मानायला हवं. त्यात कुणा पुढाऱ्याचा चेहरा नाही. तिथे केवळ कल्पना आणि घडण यांच्यावरच सगळा भार आहे, आणि दोन्ही तो पेलतात.

नेहरूंना ते काम आवडलं होतं. पण सुतारांचं नाव जगभर गेलं ते गांधीजींमुळे. त्यांनी केलेला गांधीजींचा अर्धपुतळा भारत सरकारनं अनेक देशांना भेट दिला. जगाच्या पाठीवर कुठल्यातरी चौकात, विद्यापीठाच्या आवारात गांधीजी दिसतात, तेव्हा तो चेहरा बऱ्याचदा गोंदूरच्या या माणसाच्या हातचा असतो. संसदेच्या आवारातले ध्यानस्थ गांधीही त्यांचेच, सोळा फुटांचे. 2 ऑक्टोबर 1993 रोजी त्यांचं अनावरण झालं. पुढची तीस वर्षं विरोधी पक्षांच्या निदर्शनांची ती हक्काची जागा बनली. सरकारं बदलली, बाकं बदलली, पण फलक हातात घेतलेले खासदार त्याच पायऱ्यांवर आले. पुतळा लोकांच्या सवयीचा भाग होणं, यापेक्षा मोठी पावती शिल्पकाराला मिळत नाही.

मग नव्या संसदभवनाचं बांधकाम निघालं आणि तो पुतळा 2021 साली हलवला गेला. 2024 साली इतर पुतळ्यांबरोबर त्याला आवारातच दुसरीकडे, ‘प्रेरणा स्थळ’ नावाच्या जागी नेलं गेलं. त्यावरून वादही झाला. ब्राँझला काही झालं नाही. झालं ते जागेला. सार्वजनिक शिल्प म्हणजे नुसती मूर्ती नसते, तिच्यासमोरची मोकळी जागा आणि तिथे येण्याची लोकांची वहिवाट हेही त्यात येतं. शिल्पकार धातूची हमी देऊ शकतो, जागेची नाही. ती समाजानं द्यायची असते.

सुतार आयुष्यभर वास्तववादी राहिले. ते ज. जी.मधून बाहेर पडले तेव्हा वारं उलट्या दिशेचं होतं. मुंबईत प्रोग्रेसिव्ह चित्रकारांचा गट नावारूपाला आला होता. आदी दावियरवाला, पिलू पोचखानावाला यांच्यासारखे शिल्पकार धातूतून अमूर्त आकार शोधत होते. समीक्षकांचं लक्ष तिकडे होतं, आणि ते योग्यही होतं, कारण त्यातून भारतीय शिल्पकला पुढे गेली. पण हुबेहूब चेहरा घडवणाऱ्याला नुसता कारागीर म्हणून बाजूला ठेवण्याची जी सवय त्या काळात लागली, तिनं नुकसान केलं. सार्वजनिक पुतळ्यांकडे कलाजगतानं पाठ फिरवली, आणि मग ते क्षेत्र निविदा काढणाऱ्यांच्या आणि कमी बोली लावणाऱ्यांच्या ताब्यात गेलं. आज महाराष्ट्रातल्या गावोगावच्या चौकांतले बेढब पुतळे पाहिले, आखूड पाय, ताठरलेले हात आणि कुणाचाही असू शकेल असा चेहरा पाहिला, की या दुराव्याची किंमत कळते.

चेहऱ्याचा सारखेपणा म्हणजे फोटोची नक्कल नव्हे. शंभर फुटांवरून, खालून वर पाहिलं जाणारं डोकं प्रत्यक्ष प्रमाणात घडवलं तर ते लहान आणि मागे कललेलं दिसतं. खांदे, कपाळ, भुवया यांची मापं नजरेच्या कोनाप्रमाणे बदलावी लागतात. धोतराची किंवा कोटाची एक घडी पाव फुटानं चुकली तर वर उन्हाची सावली चुकीच्या जागी पडते आणि चेहऱ्याचा भावच बदलतो. हे सगळं आधी मातीत सोडवायचं असतं. लहान नमुना, मग मोठा, मग त्याहून मोठा. गुजरातेतल्या सरदार पटेलांच्या पुतळ्यासाठी तीस फुटांचा नमुना झाला आणि त्याचं संगणकीय मोजमाप घेऊन 182 मीटरचा आकार उभा राहिला. त्या पुतळ्याचं मूळ पाहायला गेलं तर अहमदाबादच्या विमानतळावर सुतारांचाच पटेलांचा पुतळा आधीपासून होता. निवडीसाठी देशभरातले पटेलांचे पुतळे तपासले गेले आणि तोच चेहरा पुढे मोठा करायचं ठरलं.

आता हुसेनसागराकडे परत यावं, कारण टिकणं म्हणजे काय, याचा इतका मोकळा धडा भारतातल्या फार थोड्या शहरांना मिळाला आहे. तळ्याच्या मधोमध बुद्ध उभे आहेत. गणपती स्थपती यांनी भुवनगिरीजवळच्या रायगिरीच्या पांढऱ्या ग्रॅनाइटमधून कोरलेली ही अखंड मूर्ती. मार्च 1990 मध्ये ती तराफ्यावरून तळ्याच्या मध्यावर नेताना तराफा कलंडला, मूर्ती पाण्यात गेली आणि माणसंही दगावली. दोन वर्षांहून जास्त काळ बुद्ध तळाच्या गाळात पडून होते. 1 डिसेंबर 1992 रोजी त्यांना वर काढून उभं केलं, तेव्हा दगड शाबूत होता. दख्खनच्या या पठाराचा ग्रॅनाइट सुमारे अडीच अब्ज वर्षांचा आहे. दोन वर्षं पाण्यात राहण्याचं त्याला काहीच वाटलं नाही. कुकटपल्लीच्या इमारती उभारताना असेच खडक फोडले गेले. शहर वाढवताना त्या दगडाला आपण अडथळा मानलं, स्थपतींनी मात्र त्याच जातीच्या दगडात शेकडो वर्षांची हमी पाहिली.

त्याच तळ्यात दर अनंत चतुर्दशीला खैरताबादचा महागणपती विसर्जित होतो. 1954 साली सिंगरी शंकरय्या यांनी एक फुटाच्या मूर्तीनं सुरू केलेली ही परंपरा, दरवर्षी फूटभर वाढत साठ फुटांपर्यंत गेली. अलीकडे ती मूर्ती मातीची असते. तिकडे कुकटपल्लीच्या आयडीएल तळ्यावरही त्याच सुमाराला आसपासच्या वसाहतींतले गणपती येतात. महिनोन्‌महिने खपून घडवलेली मूर्ती अकराव्या दिवशी पाण्यात जाते आणि तरी ही कला सत्तर वर्षं चालू आहे, कारण ती दरवर्षी नव्यानं घडते, हातांना काम राहतं, शिष्य तयार होतात. टिकण्याचा हाही एक मार्ग आहे, आणि तो ब्राँझपेक्षा कमी प्रतीचा नाही. मूर्ती जाते, कसब राहतं. पुतळ्याच्या बाबतीत आपण नेमकं उलटं करतो: मूर्ती ठेवतो आणि कसब मरू देतो.

ते मरू दिलं तर काय होतं, हे महाराष्ट्रानं 26 ऑगस्ट 2024 रोजी मालवणच्या राजकोट किल्ल्यावर पाहिलं. नौदल दिनाच्या निमित्तानं 4 डिसेंबर 2023 रोजी अनावरण झालेला छत्रपती शिवाजी महाराजांचा 35 फुटांचा पुतळा नऊ महिन्यांच्या आत कोसळला. आधी वाऱ्याकडे बोट दाखवलं गेलं. नंतर चौकशी समितीनं गंज, कमकुवत सांगाडा आणि सदोष वेल्डिंग यांच्याकडे लक्ष वेधलं. मराठी मनाला झालेली ती जखम शब्दांत सांगता येत नाही. पण ज्याला धातूचं काम कळतं, त्याला त्यात गूढ असं काही नाही. समुद्राच्या खाऱ्या दमट हवेत तांब्याचं मिश्रण आणि साधं लोखंड एकमेकांना भिडलं की लोखंड झपाट्यानं गंजतं. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, तो फुगतो, जोड उकलतात, आणि मग एखादा जोराचा वारा पुरतो.

हे ज्ञान नवं नाही. न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा 1886चा. तांब्याचा अडीच मिलिमीटरहून पातळ पत्रा आणि आत गुस्ताव आयफेल यांनी रचलेला लोखंडी सांगाडा. तांबं आणि लोखंड एकमेकांना लागू नयेत म्हणून मधे लाखेत भिजवलेलं ॲस्बेस्टॉस घातलं होतं. ते कालांतरानं निकामी झालं आणि आतले लोखंडी पट्टे गंजून फुगले. 1984 ते 1986 या काळात अठराशेहून अधिक पट्टे काढून त्यांच्या जागी स्टेनलेस स्टीलचे बसवावे लागले. म्हणजे शंभर वर्षांनी का होईना, आयफेलसारख्याच्या कामालाही आतून हात घालावा लागला. हैदराबादच्या पुतळ्यात 360 टन स्टेनलेस स्टील का आहे, याचं उत्तर या इतिहासात आहे.

आणि समुद्राला दोष देण्याआधी मुंबईच्या गेटवेकडे पाहावं. तिथला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा सदाशिव साठे यांचा, 26 जानेवारी 1961 रोजी उभारलेला. अरबी समुद्राच्या तोंडावर साठहून अधिक पावसाळे त्यानं काढले आहेत. पुण्याच्या शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलमधला विनायक करमरकरांचा अश्वारूढ पुतळा तर 1928चा. अलिबागजवळ सासवणे गावात करमरकरांच्या घरी त्यांची सिमेंटची शिल्पं आजही जपलेली आहेत, कोकणच्या हवेत. साठे आणि करमरकर यांनी जे साधलं ते कुठलंही गुपित नव्हतं. ओतकाम नीट, जोड नीट, आणि घाई नाही.

राजकोटवर पुन्हा पुतळा उभारायचा ठरलं तेव्हा काम सुतारांच्या संस्थेकडे आलं. 11 मे 2025 रोजी साठ फुटांचा नवा पुतळा उभा राहिला. त्याचं आयुष्य शंभर वर्षांचं धरलेलं आहे आणि पहिली दहा वर्षं देखभालीची जबाबदारी करणाऱ्यांवरच टाकलेली आहे. ही अट आधीपासून प्रत्येक सार्वजनिक पुतळ्याच्या करारात असती, तर राज्यावर ती नामुष्की आली नसती. त्याच वर्षी जूनच्या पावसात चौथऱ्यालगतची जमीन खचल्याच्या बातम्या आल्या. पुतळ्याला काही झालं नाही, पण देखभाल हा शब्द अनावरणाच्या दुसऱ्या दिवसापासून लागू होतो, हे कोकणच्या पावसानं लगेच सांगितलं.

सुतारांबद्दल आदर असूनही एक गोष्ट स्पष्ट म्हणायला हवी. उंचीची शर्यत कलेच्या हिताची नाही. हैदराबादचा पुतळा उभा राहून वर्ष झालं नाही तोच जानेवारी 2024 मध्ये विजयवाड्यात बाबासाहेबांचा त्याहून उंच चौथऱ्याचा पुतळा आला. सरदारांचा 182 मीटरचा पुतळा जगात सर्वांत उंच, पण त्याचं ब्राँझचं आवरण चीनमधल्या ओतशाळेत घडलं. इतक्या आकाराला शिल्पकाराचं बोट कुठे पोचतं? मातीच्या नमुन्यापर्यंत. त्यापुढे अभियंते, संगणक, क्रेन. त्यांचं कौशल्य मोठंच आहे, पण अंगठ्यानं दाबलेल्या मातीची जी ऊब गांधीजींच्या अर्धपुतळ्यात पाहणाऱ्यापर्यंत पोचते, ती शंभर मीटर वर विरते. सुतारांच्या कामातलं सर्वांत दीर्घायुषी काय ठरेल असं विचारलं तर उत्तर नर्मदेकाठच्या सरदारांच्या पुतळ्यात नाही. ते ध्यानस्थ गांधींत आहे, चंबळ मातेत आहे. माणूस ज्याच्यासमोर उभा राहून डोळ्याला डोळा देऊ शकतो, ते शिल्प त्याच्या मनात घर करतं.

हैदराबादच्या पुतळ्याचं मोल मात्र उंचीच्या हिशेबात बसत नाही. ज्या माणसानं वेशीबाहेर ठेवलेल्यांना राज्यघटनेत आत घेतलं, त्याला सचिवालयाच्या दारात, सत्तेच्या नाकासमोर उभं करणं यात अर्थ आहे. जयंतीला इथे येणारे लोक आकार पाहायला येत नाहीत, आपला माणूस पाहायला येतात. म्हणूनच या पुतळ्याच्या बाबतीत टिकाऊपणाची जबाबदारी दुप्पट आहे. इथे एखादी वेल्ड सुटली तर नुसतं ब्राँझ पडणार नाही.

हे घडू नये म्हणून काय करावं, याचं एक उत्तर कुकटपल्लीतच आहे. इथलं जवाहरलाल नेहरू तंत्रशास्त्र विद्यापीठ 1972 साली स्थापन झालं, तेव्हा अभियांत्रिकीच्या महाविद्यालयांबरोबर शहरातलं ललितकला महाविद्यालयही त्याच छत्राखाली होतं. 2008 साली वास्तुकला आणि ललितकलांचं वेगळं विद्यापीठ झालं, मासाबटँकला. प्रशासनाच्या सोयीसाठी ते ठीक असेल. पण शिल्पाचा विद्यार्थी धातुशास्त्र शिकत नाही आणि धातुशास्त्राचा विद्यार्थी कधी मातीला हात लावत नाही, ही फारकत परवडणारी नाही. ब्राँझ म्हणजे काय? मोठ्या ओतकामात साधारणपणे पंच्याऐंशी टक्के तांबं आणि कथील, जस्त, शिसं पाच-पाच टक्के. हे प्रमाण ओतशाळेत कोण तपासतं, वेल्डिंगची तपासणी कशी होते, बेचाळीस अंशांच्या उन्हात धातू किती ताणतो आणि रात्री किती आखडतो, हे शिल्पकाराला कळायला हवं आणि अभियंत्याला चेहऱ्याची घडी कळायला हवी. कुकटपल्ली आणि मासाबटँक यांच्यामधलं अंतर फार नाही. दोन विद्यापीठांनी मिळून पुतळ्यांच्या देखभालीचा एक अभ्यासक्रम सुरू केला तर या शहरातल्या पुतळ्यांना वैद्य मिळतील. महाराष्ट्रात ज. जी. आणि पवईची आयआयटी यांनाही हेच सांगता येईल.

दुसरी गोष्ट नमुन्यांची. शिल्पकाराचं खरं हस्ताक्षर मातीच्या आणि प्लास्टरच्या नमुन्यांत असतं. मोठा पुतळा उभा राहिला की नमुने अडगळीत पडतात, फुटतात, फेकले जातात. करमरकरांचं काम सासवण्यात जपलं गेलं म्हणून आज विद्यार्थी ते जवळून पाहू शकतो. सुतारांचे नमुने धुळ्यात यावेत, गोंदूरच्या मुलांना हात लावून पाहता यावेत, ही मागणी खानदेशानं लावून धरली पाहिजे. आणि प्रत्येक चौथऱ्यावर अनावरण करणाऱ्याच्या नावाइतक्याच अक्षरांत शिल्पकाराचं आणि ओतशाळेचं नाव कोरलं जावं. नाव लागलं की जबाबदारीही लागते.

राम सुतार यांना 1999 मध्ये पद्मश्री, 2016 मध्ये पद्मभूषण मिळालं, आणि शंभरी गाठलेल्या वर्षी ‘महाराष्ट्र भूषण’ जाहीर झालं. डिसेंबर 2025 मध्ये नोएडात त्यांचं निधन झालं. त्यांचे पुत्र अनिल सुतार हेही शिल्पकार आहेत आणि हैदराबादच्या कामात बरोबरीनं होते. मागे एक फार मोठं काम अपुरं आहे: मुंबईत दादरच्या इंदू मिलच्या जागेवरचा बाबासाहेबांचा पुतळा. 350 फुटांची मूर्ती, शंभर फुटांचा चौथरा, आणि समोर समुद्र. भूमिपूजन ऑक्टोबर 2015 मध्ये झालं. तारखा पुढे गेल्या, लोक अस्वस्थ आहेत आणि त्यांची अस्वस्थता खरी आहे. दिरंगाईचा जाब सरकारला विचारलाच पाहिजे. पण आता कुणी जयंती किंवा निवडणूक पाहून अनावरणाचा मुहूर्त काढू नये. आतल्या सांगाड्याची, प्रत्येक जोडाची, धातूच्या मिश्रणाची तपासणी त्रयस्थ तज्ज्ञांकडून व्हावी, तिचा अहवाल जनतेसमोर ठेवावा आणि पुढच्या पन्नास वर्षांच्या देखभालीचा निधी आधी वेगळा काढावा. हे झाल्यावरच पडदा उघडावा, आणि महाराष्ट्र सरकारनं तसं आजच जाहीर करावं.